भोपळ्याची पहिली चीर

फकरुद्दीनला बंदुकीचा नाद लागला होता असं म्हटलं, की ऐकणाऱ्याला वाटतं माणूस शिकारी असावा. तसलं काही नव्हतं. लोणावळ्यात भुशीच्या रस्त्याला एका फळीवर फुगे टाचून तो हवा खायला आलेल्या मुंबईकरांना ते फोडायला लावायचा, आणि चैत्रात एकवीरेची जत्रा आली की तीच फळी खांद्यावर टाकून कार्ल्याला जायचा. त्याच्या हातून आजवर चिमणीसुद्धा मेली नव्हती. पण हातात चांगलं अवजार आलं की माणसाच्या अंगात काय संचारेल सांगता येत नाही, आणि फकरुद्दीनच्या अंगात ते कोयनेच्या भूकंपानंतरच्या फाल्गुनात संचारलं.

अवजार म्हणजे छर्ऱ्याची बंदूक. नळी मोडून ताणायची, बारीक कंबरेचा शिशाचा छर्रा आत सरकवायचा, नळी मिटायची आणि घोडा ओढायचा. वापरून वापरून तिची स्प्रिंग पार मेली होती. छर्रा फुग्याला लागून खाली पडायचा आणि फुगा मजेत डुलत राहायचा. गिऱ्हाइकं हसायची, काही तर भांडायला उठायची. शेवटी शेजारच्या हौशीरामला दया आली. हौशीराम रेल्वेत फिटर. त्यानं कुठल्या तरी जुन्या यंत्राची जाड स्प्रिंग आणली, कापून, घासून बंदुकीत बसवली आणि म्हणाला, आता बघ. पहिल्याच बाराला छर्रा फुग्यातून गेला, फळीतून गेला आणि फळीमागच्या गोणपाटात जाऊन रुतला.

फकरुद्दीन आधी खूश झाला आणि मग घाबरला. जत्रेत फळीच्या मागं माणसंच माणसं असतात. कुणाच्या मांडीत छर्रा शिरला म्हणजे दुकान राहील बाजूला, पोलीसचौकीचीच वारी व्हायची. तेव्हा हा छर्रा कशातून जातो, कशात अडतो, किती लांबून अडतो, हे आधी घरीच पाहून घ्यावं असं त्यानं ठरवलं. इथपर्यंत माणूस शहाणाच होता म्हणायचा.

घरामागच्या परसात त्यानं एक खोकं ठेवलं आणि त्यावर एकेक वस्तू मांडायला सुरुवात केली. बायकोची, अमिनाची, कपडे धुवायच्या साबणाची वडी गेली. तुपाचा रिकामा डबा गेला. जुनी वर्तमानपत्रं पाण्यात भिजवून, दाबून, सुतळीनं बांधून त्यांचा गठ्ठा केला, तोही गेला. प्रत्येक बार झाला की तो सुरीनं छर्रा उकरून काढायचा आणि किती आत गेला ते बोटाच्या पेरावर दाखवायचा. ते बघायला आधी एकटा हौशीराम यायचा, मग गल्लीतली आणखी चार माणसं यायला लागली. ज्या फकरुद्दीनला एरवी कुणी कशात विचारत नसे, त्याला लोक आता रस्त्यात थांबवून विचारायचे, काय फकरूभाई, आज काय फोडणार? ते त्याला आवडायला लागलं. जत्रेची काळजी मागं पडली आणि फोडण्याची हौस तेवढी उरली. अमिना म्हणाली, घरातलं सगळं फोडून झालं की आम्हाला उभं करा खोक्यावर. त्यानं ते हसण्यावारी नेलं.

आता पुतळाबाईबद्दल सांगायला हवं. पुतळाबाई वरच्या वाडीची. नवरा लवकर गेला, पदरात एकच मुलगी, बायडा. रानातून लाकडाची मोळी आणून ती बाजारात विकायची, आणि उतरताना फकरुद्दीनच्या ओट्यावर मोळी टेकवून घोटभर पाणी प्यायची. त्या पाण्यावरूनच ओळख वाढली.

तिच्या वाडीत भोपळ्याचा मोठा मान. भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा, असं ती माणसं धरून चालत. बाईनं त्याच्यावर आधी सुरी धरायची नाही. घरातल्या पुरुषानं पहिली चीर घालायची, मग बाईनं त्याच्या खुशाल फोडी कराव्यात. नवरा होता तोवर प्रश्न नव्हता. तो गेल्यावर दिराच्या दारात भोपळा घेऊन उभं राहायची पाळी आली, आणि दीर असा, की एका चिरीसाठी तिला दुपारभर ताटकळत ठेवायचा आणि वर चार बायकांसमोर बोलून दाखवायचा. एका वर्षी पुतळाबाईनं भोपळा उचलला, डोंगर उतरली आणि तो फकरुद्दीनच्या पुढ्यात आणून ठेवला. फकरुद्दीन गडबडला. म्हणाला, पुतळाबाई, मी मुसलमान, माझा हात कसा चालेल? ती म्हणाली, "मी भाऊ म्हन्ते ते काय तोंडदेखलं? घाला चीर."

त्यानं बिस्मिल्ला म्हटलं आणि देठाजवळ बोटभर चीर घातली. वाडीत कुजबुज झाली. पुतळाबाईनं ती ऐकून घेतली आणि हात भावाचा आहे, बाकी मला काही कळत नाही, एवढं बोलून सगळ्यांची तोंडं बंद केली. तेव्हापासून दर वर्षी भोपळा खाली यायचा. पुतळाबाई तो ओट्यावर ठेवायची, चीर घालून ठेवा म्हणायची आणि मोळी उचलून बाजाराला चालू लागायची. मागं वळूनसुद्धा बघायची नाही. येताना भोपळा पाटीत घालून वर घेऊन जायची. फकरुद्दीनला ह्या मानाचं फार अप्रूप होतं. घरी कुणी नवा माणूस आला की ही गोष्ट तो आपणहून काढायचा.

त्या फाल्गुनात पुतळाबाई आली ती घाईतच. दसऱ्यापासून शिंक्यात जपलेला तांबूस, भरदार भोपळा तिनं ओट्यावर ठेवला. दुसऱ्या दिवशी बायडाला बघायला बेडशाहून पाहुणे येणार होते, आणि त्यांच्यासाठीच तो राखलेला होता. जाताना म्हणाली, "भाऊ, उद्या तुमी आन वैनी जेवायला या. पोरीला मामा न्हाई. तुमीच मामा म्हनून पंगतीला बसायचं." आणि ती बाजाराकडे निघून गेली.

फकरुद्दीननं भोपळा उचलून आत न्यायला हवा होता. तो नेणारही होता. पण तेवढ्यात सुटीचा दिवस म्हणून हौशीराम आला, त्याच्याबरोबर गल्लीतले दोघंतिघं आले, आणि आज खोक्यावर मांडायला काही शिल्लक नव्हतं. हौशीराम म्हणाला, साबण झाला, कागद झाला, पण माणसाच्या अंगात छर्रा किती शिरेल ते ह्यातून कुठं कळतंय? वरून कातडी आणि आतून मांस असं काहीतरी पाहिजे. बोलता बोलता त्याची नजर ओट्यावर गेली. त्याच्यामागोमाग सगळ्यांची गेली.

फकरुद्दीन नको म्हणाला. ती दुसऱ्याची वस्तू आहे, म्हणाला. अमिना दारातच उभी होती. तीही म्हणाली, ती आपली वस्तू नाही, हात लावू नका. बायको सगळ्यांसमोर बोलली तेवढ्यानंच त्याचं बिनसलं. एका छर्ऱ्यानं काय होतंय, लांबून मारतो, वरच्या वर अडेल, असं म्हणत त्यानं भोपळा खोक्यावर नेऊन ठेवला.

लांबून मारलेला छर्रा सालीवर आपटून उडाला. पांढरा ओरखडा तेवढा राहिला. इथं थांबला असता तरी चाललं असतं. पण बघणारे म्हणाले, हॅट, ह्यात काय, जवळून मारा. फकरुद्दीन जवळ गेला, बंदूक ताणली आणि घोडा ओढला. टप् असा आवाज झाला. भोपळ्याच्या पोटावर मुगाएवढं भोक पडलं आणि त्यातून पाण्याचा एक थेंब निघून सालीवरून खाली ओघळला.

कुणी वाहवा केली, कुणी टाळी वाजवली. फकरुद्दीनला मात्र तो थेंब पाहून एकदम ओशाळल्यासारखं झालं. थोरल्या मुलासारखा म्हणून जो विश्वासानं त्याच्याकडे सोपवला, त्याला त्यानं खोक्यावर उभा करून गोळी घातली होती. दुसऱ्या शब्दांत सांगून ते बरं दिसणार नव्हतं. त्यानं लोकांना चला चला करून घालवलं आणि भोपळा घेऊन तो घरात आला.

छत्रीची काडी घालून त्यानं छर्रा शोधून पाहिला. काडी नुसती आत जात राहिली. कानाशी धरून भोपळा हलवला, काही वाजलं नाही. बाहेर पुतळाबाईची परतायची वेळ झाली होती. अमिना म्हणाली, ती आली की सरळ सांगा, माफी मागा, दुसरा भोपळा बाजारातून आणून द्या. फकरुद्दीन हो म्हणाला. हो म्हणता म्हणता त्यानं सुरी घेतली आणि देठाजवळ नाही, तर पोटावर, त्या भोकातूनच, ओरखडा झाकेल अशी वीतभर लांब चीर ओढली. बिस्मिल्ला म्हणायला त्याचं तोंड उघडेना. छर्रा बियांत पडला असेल, बियांबरोबर निघून जाईल, अशी त्यानं मनाची समजूत घातली.

पुतळाबाई आली. पाटीत घालताना तिनं चीर पाहिली. यंदा मोठी घातलीत, म्हणाली. फकरुद्दीन म्हणाला, सुरी घसरली. ती हसली आणि गेली. अमिना त्या दिवशी नवऱ्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं वाडीवर गेली. पुतळाबाईनं घर सारवून लख्ख केलं होतं. बेडशाहून मुलाचे वडील गेणू आणि मुलाची आत्या रतनबाई अशी दोघं आली होती. मुलगा कान्हू तळेगावला कामाला होता, त्याला रजा मिळाली नव्हती. गेणू शांत, कमी बोलणारा माणूस. रतनबाईचं मात्र तोंड चालू होतं आणि डोळे घरभर फिरत होते. पुतळाबाईनं फकरुद्दीनकडे हात करून सांगितलं, हे पोरीचे मामा. रतनबाईनं भुवया वर केल्या. गेणूनं नुसता रामराम केला आणि आपल्याशेजारी बसायला जागा दिली.

पंगत बसली. तांदळाची भाकरी, गुळाचा भात आणि मधोमध ती भोपळ्याची भाजी. बायडा वाढत होती. मान खाली घालून वाढत होती. फकरुद्दीनच्या पानात भाजी पडली तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की छर्रा बियांत पडला असेलच असं नाही. तो पलीकडच्या गरातही जाऊन बसला असेल, आणि तसं असेल तर ह्या घडीला तो कुणाच्याही पानात असेल. मग त्याला एकच सुचलं. जेवढी भाजी आपल्या पोटात जाईल तेवढी पाहुण्यांच्या पानातली कमी होईल. तो भराभर जेवला आणि भाजी मागितली. ती संपवून पुन्हा मागितली. प्रत्येक घास जिभेनं चाचपून गिळायचा आणि पुन्हा पान पुढं करायचं. रतनबाई पदराआड हसली. गेणू म्हणाला, मामांना भाजी लय आवडलेली दिसते. पुतळाबाईला तर धन्य वाटलं. ती पातेलं खरवडून खरवडून भावाला वाढत राहिली. अमिना समोर बसून सगळं पाहत होती.

आणि गेणूच्या दाताखाली कट्कन वाजलं.

त्यानं गालावर हात धरला. तोंडातली वस्तू काढून तळहातावर घेतली आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला. मग त्यानं मान वर केली आणि एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. रतनबाईनं काय लागलं म्हणून विचारलं तेव्हा म्हणाला, "खडा हाय." आणि मूठ मिटली.

फकरुद्दीनचा कोंडलेला श्वास सुटला. पण रतनबाई सोडायला तयार नव्हती. वाढणाऱ्या बायडाला तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "निवडून घ्यायचं शिकवलं न्हाई का गं तुला? आज भाजीत खडा, उद्या भाकरीत काय घालशील?" बायडाच्या हातातली पळी तशीच राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

हाच तो क्षण होता. फकरुद्दीनला तो तेव्हाही कळला होता. एक वाक्य बोलायचं होतं, खडा नाही तो, माझा छर्रा आहे, मुलीची चूक नाही. ते वाक्य त्याच्या घशापर्यंत आलंही. पण त्याच्या मागोमाग, मामानं भाचीच्या भोपळ्यावर बंदूक चालवली, असं बोलणारी सगळी वाडी त्याला दिसायला लागली आणि त्यानं मान खाली घालून पानातला भात कालवला.

पुतळाबाई पुढं आली. "पोरीचा हात न्हाई लागला भाजीला," ती म्हणाली. "मीच चिरली, मीच केली. माझ्या डोळ्याला आताशा कमी दिसतं. मला बोला." पुतळाबाईला डोंगराच्या टोकावरून खाली बाजारातली माणसं ओळखू यायची, हे फकरुद्दीनला ठाऊक होतं.

जेवणं उरकली. कळवतो म्हणून पाहुणे उठले. पुतळाबाई त्यांना बांधापर्यंत पोचवायला गेली. फकरुद्दीन ओट्यावरून बघत होता. बांधाशी तिनं गेणूपुढं हात केला, त्यानं मूठ उघडली, तिनं वाकून पाहिलं. ती काहीतरी बोलली. मग पाहुणे गेले आणि ती माघारी आली. फकरुद्दीनला तिनं विड्याचं पान दिलं, अमिनाला कुंकवाऐवजी हातात नारळ दिला आणि दोघांना वाटेला लावलं. नेहमीपेक्षा कमी बोलली, एवढंच.

त्यानंतर बेडशाहून निरोप येईना. पुतळाबाई मोळी घेऊन यायची, पाणी प्यायची, जायची. निरोप आला का असं विचारायचीही फकरुद्दीनला लाज वाटायची. ती ओट्यावर टेकली की तो काहीतरी काम काढून परसात जायचा. परसात ते खोकं असायचं, म्हणून तिथूनही तो उठायचा. अन्न गोड लागेना. त्यानं हौशीरामला बोलावून नवी स्प्रिंग काढायला लावली आणि जुनीच परत बसवली. हौशीराम म्हणाला, अरे पण मग फुगे फुटणार कसे? नाही फुटले तर नाही फुटले, असं फकरुद्दीन त्याच्यावर खेकसला.

अमिनानं बरेच दिवस धीर धरला आणि मग एका सकाळी त्याची टोपी त्याच्या हातात दिली. म्हणाली, "त्या पोरीचं लग्न तुमच्या गप्प बसण्यापायी मोडलं, तर ह्या घरात मी तुम्हाला पाणी देईन, पण तोंडाकडे बघणार नाही. बेडशाला जा."

तो कामशेतपर्यंत एस.टी.नं गेला आणि तिथून पुढं चालत. वाटभर त्यानं काय बोलायचं ते जुळवलं. गेणू गोठ्यापाशी बैलाला पेंढा घालत होता. फकरुद्दीननं बसायचीही वाट पाहिली नाही. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं: बंदूक, भोपळा, भोक, चीर. मुलगी निर्दोष आहे, तिची आई निर्दोष आहे, दोष माझा आहे, मला काय बोलायचं ते बोला पण सोयरीक मोडू नका, असं म्हणून त्यानं हात जोडले.

गेणूनं पेंढा खाली ठेवला. कमरेची चंची काढली, तिच्यातून सुपारीच्या खांडाबरोबर एक बारीकशी वस्तू निघाली. शिशाची, कंबरेत बारीक, एका बाजूनं चेपलेली.

"जत्रंत तुमच्याच फळीवर मी फुगं मारल्यात," तो म्हणाला. "खडा कंचा आन छर्रा कंचा, एवढं कळतं मला. मुद्दामच खडा म्हनलो. म्हनलं बघू, कोन काय बोलतंय. मी खडा म्हनल्याबरूबर तुमी सुटल्यावानी श्वास सोडला. तवाच कळलं हे कुनाचं हाय."

गेणू सावकाश बोलत होता. रागावलेलाही नव्हता.

"सोयरीक मोडायला काय झालं? कालच सांगावा धाडलाय. पोरगी पसंत हाय." त्यानं सुपारीचं खांड तोंडात टाकलं. "त्या बाईला बांधावर मी हा छर्रा दावला. तिनं नीट पाह्यला. दोन्ही डोळ्यांनी पाह्यला. आन म्हनली, खडाच हाय पाव्हनं. पंगतीत पोरीसाठी खोटं बोलली ते कुनीबी आई बोलंल. बांधावर कुनासाठी बोलली? त्या घरातली पोरगी मला पायजेच."

त्यानं छर्रा फकरुद्दीनच्या हातावर ठेवला आणि घरात आवाज देऊन पाहुण्यासाठी चहा टाकायला सांगितला. तो चहा फकरुद्दीननं कसा प्यायला, ते त्याचं त्याला ठाऊक. आपण उशिरा आलो, इतके उशिरा की आपल्या खऱ्या बोलण्याचा आता कुणालाही काडीचा उपयोग नव्हता, हे त्याला घोटाघोटाला कळत होतं.

तो घरी गेला नाही, थेट वाडीवर चढला. पुतळाबाई अंगण सारवत होती. सांगावा पोचला होता. तिच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. फकरुद्दीननं मूठ उघडून तिच्यासमोर धरली आणि माझंच होतं, म्हणाला. ती सारवायची थांबली नाही.

"ठावं हाय, भाऊ."

मला शिव्या द्या, तो म्हणाला. पुतळाबाईनं हातानं शेणाचा पट्टा पुरता ओढला, मग कोपरानं कपाळावरचे केस मागं सारले. "सुरी घसरली म्हनला, म्हनून मी घसरली समजले," ती म्हणाली. तिचा आवाज तेवढ्यापुरता जड झाला आणि मग तिनं दुसरंच काढलं. वैशाखात लग्न धरायचं होतं, पोरीच्या पाठीशी मामा म्हणून उभं राहायचं होतं, तेव्हा सदरा धुतलेला घाला, नाहीतर रतनबाई नाव ठेवील. फकरुद्दीन मान डोलवत राहिला. डोंगर उतरताना त्याला हलकं वाटलं. त्या छर्ऱ्याचं काय करावं ते न कळून त्यानं तो वाटेतल्या ओढ्यात टाकला.

लग्नात तो मामा म्हणून उभा राहिला. धुतलेला सदरा घालून, अंतरपाटाजवळ, बायडाच्या पाठीशी. रतनबाईनं नाव ठेवलं नाही. पुतळाबाईनं त्याला टोपी-उपरणं दिलं, अमिनाला लुगडं दिलं. सगळं रीतसर झालं आणि फकरुद्दीनला वाटलं, झालं गेलं गंगेला मिळालं.

पाऊस गेला, दसरा गेला. पुतळाबाईच्या छपरावर वेल पसरला होता आणि भोपळे धरले आहेत हे त्याच्या कानावर आलं होतं. पण आता तिच्या घरात पुरुष आला होता. कान्हू सणावाराला वाडीवर यायचा, पहिली चीर घालायचा मान आता जावयाचा. आपल्याकडे भोपळा यायचा नाही अशी फकरुद्दीननं मनाची तयारी केली होती. अमिनाला त्यानं तसं सांगितलंही, आणि सांगताना आपल्याला त्याचं फारसं काही नाही असं दाखवलं.

आणि थंडीतल्या एका सकाळी पुतळाबाई डोक्यावर मोळी आणि काखेतल्या पाटीत भोपळा घेऊन उतरली. फकरुद्दीन दारातच होता. भोपळा बघून त्याचे डोळे भरून आले. जावई असताना भोपळा त्याच्याकडे आला होता. त्यानं धावत जाऊन तो तिच्या पाटीतून घेतला, जपून ओट्यावर ठेवला आणि हसत म्हणाला, "तुम्ही या बाजार करून, पुतळाबाई. मी चीर घालून ठेवतो."

पुतळाबाईनं मोळी भिंतीला टेकवली. पदरानं मान पुसली. मग ती ओट्यावर, भोपळ्याच्या समोर, मांडी घालून बसली.

"घाला की," ती म्हणाली. "मी बसते."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं अमिनाकडे पाणी मागितलं आणि बायडाला दिवस गेल्याचं सांगितलं. सांगता सांगताही तिची नजर फकरुद्दीनच्या हातावर होती. फकरुद्दीन आत गेला, सुरी धुऊन आणली. बिस्मिल्ला म्हणून त्यानं देठाजवळ, बोटभरच, चीर घातली. पुतळाबाईनं ती वाकून पाहिली, भोपळा हातात घेऊन सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिला आणि पाटीत ठेवला. मग मोळी उचलली आणि पाटी काखेत घेऊनच ती बाजाराला गेली.